‘प्रश्न उद्भवत नाही’ असं उत्तर का येतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात नोकरी करता. पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो. तुमची आत्या जिल्ह्यातल्या एका डोंगरी तालुक्यात राहते. वय ६८, विधवा, सोबत सून आणि नातू. सून मजुरीला जाते. श्रावणबाळ या वृद्धांच्या पेन्शन योजनेसाठी अर्ज केला तर उत्पन्नाचा दाखला ३६ हजारांचा निघाला आणि अर्ज नामंजूर झाला. ‘लाडकी बहीण’मध्ये वय आडवं आलं. तुम्ही आमदारांना निवेदन दिलं, त्यांनी अधिवेशनात प्रश्नही टाकला. छापील उत्तर आलं ते असं: ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ आता तुम्ही विचारताय की सरकार सभागृहात धडधडीत खोटं कसं बोलू शकतं, आणि असं असेल तर प्रश्न विचारून उपयोग काय.

मी एकोणीस वर्षं पुण्यातल्या दोन आमदारांकडे हेच काम केलं. एक विधानसभेचे, दुसरे परिषदेचे. प्रश्न लिहायचे, लक्षवेधी लिहायच्या, उत्तरं फाइलला लावायची आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत त्यांचा पाठपुरावा करायचा. त्या अनुभवावरून सांगते, ते उत्तर खोटं नव्हतं. प्रश्नच असा लिहिला होता की दुसरं उत्तर येणं कठीण होतं. राग मानू नका. माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांतले प्रश्नही असेच आपटले होते.

तुम्ही पाठवलेला प्रश्न समोर ठेवू. त्यातलं पहिलं कलम: ‘राज्यातील निराधार वृद्धांवर जाचक उत्पन्न मर्यादेमुळे प्रचंड अन्याय होत असून हजारो वृद्ध लाभापासून वंचित आहेत, तसेच नोकरदारांवर व्यवसाय कराचा अवाजवी बोजा पडत आहे, हे खरे आहे काय.’ दुसरं: ‘असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली.’ तिसरं नेहमीचंच: ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत.’

आता मंत्रालयात कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर हा कागद आलाय असं समजा. त्याला पहिल्या कलमाला ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘अंशतः खरे आहे’ यांपैकी काहीतरी लिहायचंय. ‘होय’ लिहिलं तर आपल्याच खात्याने ‘प्रचंड अन्याय’ कबूल केला असं होतं. ‘अंशतः’ लिहिलं तर कोणता अंश, हे सांगावं लागतं. वाक्यात ‘जाचक’, ‘प्रचंड’, ‘हजारो’, ‘अवाजवी’ असे चार शब्द आहेत आणि चारही मतं आहेत, माहिती नाही. त्यातला एक जरी नाकारता आला तरी सगळं वाक्य नाकारता येतं. पहिलं कलम पडलं की दुसरं ‘असल्यास’ने सुरू होतं म्हणून तेही पडतं. त्यात व्यवसाय कर वित्त विभागाचा आणि श्रावणबाळ सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाची. दोन खात्यांचे विषय एका वाक्यात बांधले की जे खातं उत्तर देतं ते दुसऱ्याच्या वाटणीचं बोलतच नाही.

खरा मुद्दा इथे आहे. सभागृहातल्या प्रश्नाने धोरण सहसा बदलत नाही. प्रश्नाने एखादा आकडा, एखादी तारीख, एखादी कबुली सरकारच्या तोंडून छापील कागदावर येते. ती हातात आली की पुढचं सगळं तिच्यावर उभं करता येतं. म्हणून प्रश्न लिहिताना माझी एकच कसोटी असायची: जे फक्त सरकारलाच ठाऊक आहे आणि जे नाकारता येणार नाही, ते विचारायचं.

तुमच्या आत्याच्या बाबतीत तसं काय आहे? बरंच आहे, आणि ते तुमच्या निवेदनात नव्हतं.

श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या योजनांना कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१ हजार रुपयांची, म्हणजे महिन्याला १,७५०. (दिव्यांगांसाठी मर्यादा वेगळी, ५० हजार. आत्याला तसं प्रमाणपत्र मिळण्यासारखं काही असेल तर तो रस्ता आधी बघा.) आता दुसरीकडे बघा. २८ जून २०२४ ला तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अतिरिक्त अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर केली. रक्कम श्रावणबाळइतकीच, १,५०० रुपये महिना. उत्पन्नाची अट मात्र अडीच लाखांची, म्हणजे महिन्याला जवळपास २१ हजार. एका योजनेत वर्षाला जेवढं उत्पन्न चालतं, दुसरीत साधारण तेवढं महिन्याला चालतं. फक्त वय २१ ते ६५.

म्हणजे तुमच्या आत्याचं घर जसंच्या तसं राहिलं असतं आणि त्या ६४ वर्षांच्या असत्या, तर बाकीच्या अटी बसल्या तर त्यांना १,५०० रुपये मिळाले असते. वय वाढलं, अंगातलं बळ कमी झालं, आणि सरकारच्या लेखी त्या अचानक सधन झाल्या. ही फट मी प्रश्न लिहिणाऱ्याच्या नजरेने बघते तेव्हा मला यात ‘अन्याय’ हा शब्द वापरायची गरजच वाटत नाही. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की पुरे.

अजून एक हिशोब. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये रोज. सुनेने ६८ दिवस काम केलं की २१,२१६ रुपये होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. त्या वर्षाच्या कायद्यात हमी होती १०० दिवसांची. म्हणजे सरकारने दिलेली हमी कुटुंबाने पूर्ण घेतली तर सरकारचीच पेन्शन हातची जाते.

आणि गंमत बघा, तुमचा व्यवसाय कर याच गोष्टीला जाऊन मिळतो. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला. ते विधान परिषदेचे सभापती होते. ती योजना राज्यभर न्यायची तर पैसा हवा, म्हणून १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम द्यायचं, असा तो सरळ व्यवहार होता. तुमच्या स्लिपवरचे २०० रुपये आणि सुनेच्या हातातलं खोरं यांचं नातं पन्नास वर्षांचं आहे. तुम्ही निवेदनात दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्यात त्या रागाच्या भरात, पण मुळात त्या एकत्रच होत्या. प्रश्नाच्या कागदावर मात्र त्या वेगळ्याच कराव्या लागतात, कारण खाती वेगळी.

व्यवसाय कराबद्दल दोन ओळी, कारण तो भाग सोपा आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या करावर वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ पर्यंत ती २५० होती, साठाव्या घटनादुरुस्तीने वाढली. तुमचे अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे तुम्ही कमाल रक्कम भरता. महिना दहा हजारांच्या वर एक रुपया मिळवणारा आणि पाच लाख मिळवणारा, दोघे सारखेच भरतात. सूट कोणाला द्यायची हे राज्याच्या हातात आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात महिलांसाठी सूट मर्यादा दहा हजारांवरून पंचवीस हजारांवर गेली, पुरुषांची साडेसात हजारांवरच राहिली. विचारायचं असेल तर एवढंच विचारा: महिलांच्या सवलतीमुळे किती महसूल कमी झाला आणि साडेसात ते पंचवीस हजारांच्या टप्प्यात किती पुरुष करदाते आहेत. ‘बोजा’ वगैरे नको. आयकर यात आणू नका, तो केंद्राचा विषय, प्रश्न दारातच अस्वीकृत होतो. जीएसटीबद्दल आमदारांना धारेवर धरणाऱ्यांनाही हेच सांगते. तो दर जीएसटी परिषदेत ठरतो, तिथे राज्याचा एक मंत्री बसतो आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात.

आता पेन्शनचा प्रश्न मी कसा लिहिला असता ते देते. जसाच्या तसा उचला, हरकत नाही.

‘(१) श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा रुपये २१,००० आहे, हे खरे आहे काय, (२) ही मर्यादा कोणत्या दिनांकाच्या शासन निर्णयान्वये निश्चित करण्यात आली व त्यानंतर तिचा आढावा कोणकोणत्या दिनांकास घेण्यात आला, (३) पुणे जिल्ह्यात मागील तीन आर्थिक वर्षांत या योजनेसाठी प्राप्त, मंजूर व नामंजूर अर्जांची तालुकानिहाय संख्या किती, तसेच नामंजूर अर्जांपैकी केवळ उत्पन्न मर्यादेच्या कारणास्तव नामंजूर अर्ज किती, (४) उत्पन्न मर्यादा वाढविण्याचा प्रस्ताव वित्त विभागाकडे सादर करण्यात आला आहे काय, असल्यास कोणत्या दिनांकास व त्याची सद्यःस्थिती काय आहे?’

पहिल्या कलमाला ‘होय’ म्हणण्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरं आणि तिसरं ‘असल्यास’वर टांगलेलं नाही, त्यामुळे पहिल्याबरोबर पडत नाही. ‘आढावा कधी घेतला’ याला तारीख नसेल तर ते न दिलेलं उत्तरच बोलतं. चौथ्या कलमात सगळा जीव आहे. ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’ हे वाक्य कोणीही लिहितो, पण वित्त विभागाकडे कोणत्या तारखेला पाठवला हे विचारलं की तो खरोखर आहे की नुसतं बोलणं आहे ते कळतं.

‘तालुकानिहाय’ या शब्दाचं मोल मला एकदा नीट कळलं. नागपूरचं हिवाळी अधिवेशन, थंडी मी म्हणत होती. सकाळी आमदार निवासाच्या खोलीत उत्तरांची छापील यादी आली. आमच्या प्रश्नाला चक्क तक्ता जोडला होता. सगळ्या तालुक्यांपुढे आकडे, एका तालुक्यापुढे मात्र ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’. साहेब म्हणाले, चला, बाकी तरी मिळालं. मला तीच रिकामी चौकट हवी होती. उपप्रश्न तिच्यावरच काढला: बाकीच्यांना जमलं ते इथे का जमलं नाही? मंत्र्यांकडे टिपणीत त्याचं उत्तर नव्हतं. अधिकारी गॅलरीतून चिठ्ठी यायच्या आत ते म्हणून गेले की महिन्याभरात चौकशी करून सभागृहाला माहिती देऊ. ते एक वाक्य आम्हाला त्या संबंध अधिवेशनापेक्षा जास्त कामाला आलं, कारण ते आश्वासन झालं. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आश्वासनाचं काय झालं हे बघायला आश्वासन समिती असते. आम्ही तिच्याकडे लिहीत राहिलो. त्या तालुक्यात पेटीत पडून राहिलेले अर्ज बाहेर निघाले. मर्यादा मात्र एक पैशाने वाढली नाही, हेही सांगायला हवं.

उपप्रश्नाची संधी मिळेलच असं नाही. तारांकित प्रश्नांच्या यादीतले पहिले थोडेच प्रश्न तासाभरात तोंडी चर्चेला येतात, बाकीच्यांची उत्तरं नुसती पटलावर ठेवली जातात. तरी तयारी ठेवायची. मी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात तीन उपप्रश्न लिहून साहेबांच्या खिशात द्यायची. तीनच. चौथा लिहिला की ते भाषण करायला लागत. नुसते आकडेच हवे असतील तर अतारांकित प्रश्न जास्त बरा. त्याला झगमगाट नाही, वर्तमानपत्रात नाव येत नाही, म्हणून आमदारांना तो आवडत नाही. पण लेखी उत्तर मिळतं.

‘मग आमदार स्वतःच विधेयक आणून रक्कम का वाढवत नाहीत’ हा तुमचा दुसरा प्रश्न. राज्याच्या तिजोरीतून खर्च वाढवणारं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मंजूर होऊ शकत नाही, हे घटनेच्या २०७ व्या कलमात आहे, आणि ती शिफारस सरकारच्या सल्ल्यानेच येते. अर्थसंकल्पात खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर मतदान होतं तेव्हाही विधानसभा मागणी मंजूर करू शकते, फेटाळू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. म्हणून पेन्शन वाढवा असं म्हणायला आमदाराला कपात सूचना द्यावी लागते, म्हणजे खात्याची मागणी नाममात्र रकमेने कमी करा असं लिहायचं आणि त्या निमित्ताने वाढवा असं बोलायचं. नवीन आमदारांना हे समजावताना माझी पुरेवाट व्हायची.

यात पुणेकरांनी नवल वाटून घेऊ नये, कारण हा उद्योग आपल्याच गावचा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ मध्ये कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिलं भाषण केलं. तेव्हा सभासदाला अर्थसंकल्पावर मत देता येत नव्हतं, उपप्रश्नही विचारता येत नव्हता. हातात होते फक्त सरकारचेच छापील आकडे. तिजोरीत शिल्लक पडतेय आणि मिठावरचा कर मात्र मणाला अडीच रुपये, हे त्यांनी त्यातूनच दाखवलं. १९०३ मध्ये तो कर दोन रुपयांवर आला आणि आयकराची सूट मर्यादा ५०० वरून १,००० वर गेली. सगळं श्रेय त्या भाषणाला देणं बरोबर नाही, पण मागणी नोंदलेली होती. आणि ते आकडे शोधून द्यायला गणेश व्यंकटेश जोशी नावाचे गृहस्थ होते, एका हायस्कुलाचे मुख्याध्यापक. आमच्या धंद्याचे ते मूळपुरुष, असं मी मनाशी धरलंय.

एक सावधगिरीचं सांगते, कारण उत्साहाच्या भरात लोक ही चूक करतात. असलेली सवलत कशाच्या आधारावर दिली जाते, हे उगाच विचारू नका. पुणे महापालिकेच्या मिळकतकरातली ४० टक्के सवलत आठवा. स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० च्या ठरावाने ती मिळत होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, ऑगस्ट २०१८ मध्ये राज्य सरकारने ती रद्द केली, नव्याने नोंद झालेल्या घरांना पूर्ण कराची बिलं यायला लागली. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती परत दिली, आणि मग लोक सवलतीसाठीचे पीटी-३ अर्ज भरायला क्षेत्रीय कार्यालयांत रांगेत उभे राहिले. ‘अमक्या योजनेत अपात्र लोक किती’ हा प्रश्नही असाच दुधारी. उत्तर येतं, पाठोपाठ पडताळणी येते, आणि पडताळणीत सगळ्यात आधी ज्याचे कागद कच्चे तो गळतो. तो बहुतेक वेळा गरीबच असतो.

तर तुम्ही आता काय करायचं, ते तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. आत्याच्या एका अर्जापुरतं काम असेल तर विधानसभेच्या वाटेला जाऊच नका. ३६ हजारांचा आकडा कशावरून निघाला ते बघा. तलाठ्याच्या चौकशी अहवालात सुनेची मजुरी बारमाही धरली आहे का? डोंगरी भागात पावसाळ्याचे चार महिने सोडले तर मजुरी किती दिवस असते, हे तलाठ्यालाही माहीत असतं. अहवालाची प्रत मागा, चुकीचा असेल तर फेरचौकशीचा अर्ज द्या. मात्र आकडा खरा असेल तर तो खालीवर करून घ्यायच्या फंदात पडू नका. खोटा दाखला पुढे वसुलीपर्यंत नेतो.

आणि मर्यादेवरच बोलायचं असेल, तर आधी माहितीच्या अधिकारात तुमच्या तालुक्याचे नामंजूर अर्जांचे आकडे काढा. तीस दिवसांची मुदत असते, म्हणजे अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी डिसेंबरातच अर्ज गेला पाहिजे. ते आकडे हातात घेऊन आमदारांच्या कार्यालयात जा, आणि आमदारांना नाही, प्रश्न कोण लिहितं त्या माणसाला भेटा. प्रत्येक कार्यालयात तो एक असतो, सहसा झेरॉक्स मशीनजवळच्या टेबलावर. सूचना देण्याची मुदत अधिवेशन सुरू व्हायच्या बरीच आधी संपते, त्यामुळे अधिवेशनाची बातमी पेपरात वाचून जाल तर उशीर झालेला असेल. शक्य असेल तर लाडकी बहीणचा प्रश्न दुसऱ्या आमदारामार्फत महिला व बाल विकास विभागाला जाऊ द्या: वयाची ६५ वर्षं पूर्ण झाल्याने लाभ बंद झालेल्या महिला किती, आणि त्यांपैकी श्रावणबाळ योजनेत किती सामावल्या गेल्या. दोन खात्यांची दोन उत्तरं शेजारी ठेवली की जे तुम्हाला म्हणायचंय ते आपोआप दिसेल.

आत्याच्या नामंजुरीच्या पत्रावर कारण नेमकं काय लिहिलंय, ‘उत्पन्न जास्त’ एवढंच की आणखी काही, ते इथेच टाका. नाव-पत्ता झाकून फोटो टाकला तरी चालेल. त्यावरून फेरचौकशीच्या अर्जाचा मसुदा करून देते.